गांगुर्डेबाईंचा संताप

रुग्णवाहिका पोर्चमध्ये येऊन थांबली की आमच्या रुग्णालयातून दोन बायका धावत सुटायच्या. एक मी, स्ट्रेचरकडे. दुसऱ्या गांगुर्डेबाई, इंजिनाकडे. मला आत कोण आहे याची काळजी, त्यांना बॉनेटखाली काय आहे याची. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात पिंपळगावहून अपघाताचा रुग्ण आला. मी मागचं दार उघडून ऑक्सिजनच्या नळीला हात घालते आहे तोच पुढून कुणीतरी ओरडलं, "बंद करू नकोस! खबरदार बंद केलीस तर!"

मी घाबरून ऑक्सिजनच्या नळीवरचा हातच काढला. वाटलं, माझंच काही चुकलं. बाजूला होऊन पुढे पाहिलं तर निळा ॲप्रन घातलेली एक उंच, सावळी बाई चालकाच्या खिडकीत हात घालून उभी होती. तिनं त्याचं मनगट धरलं होतं, किल्ली फिरवायच्या आत.

"पिंपळगावपासून जीव खाऊन पळत आलंय हे इंजिन," ती चालकाला म्हणत होती. "टर्बो लाल झालाय आतून. आता लगेच बंद केलंस तर त्यात फिरणारं तेल जागच्या जागी करपेल. थोडा वेळ चालू दे. पळून आलेल्या माणसाला कुणी गळा दाबून बसवतं का?"

हे यशोधरा गांगुर्डे यांचं मला झालेलं पहिलं दर्शन. नाशिकरोडजवळच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात त्या वाहन विभागाच्या प्रमुख होत्या. प्रमुख म्हणजे मागच्या अंगणातलं पत्र्याचं छोटं गॅरेज, तीन रुग्णवाहिका, एक जुनी जीप आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो. फोटोखाली त्यांची हत्यारं इतकी नीट लावलेली असायची की आमच्या शस्त्रक्रियागृहातल्या मुलींना मी ते गॅरेज दाखवायला नेत असे.

बाई तापट होत्या. मी त्यांना साधं "आज उकडतंय नाही?" असं म्हटलं तरी त्या चिडत. "उकडतंय म्हणजे काय? कुठून येतंय ते बघा, कुठे जातंय ते बघा. नुसतं उकडतंय म्हणून काय होतं?" त्यांचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामगार होते. बाईंनी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि ऐन तरुणपणी त्याच केंद्रात एका ठेकेदाराकडे काम केलं, वाफेच्या नळांवर लोकरीसारखा थर गुंडाळून वर पत्रा चढवायचं. त्या नळांजवळ नुसतं उभं राहिलं तरी तोंड भाजतं, असं त्या सांगत. एकदा उघड्या राहिलेल्या नळाला त्यांच्या मैत्रिणीचा दंड लागला. ती खूण त्यांनी जन्मभर डोक्यात ठेवली. "उष्णतेवर मी रागावलेली नाही," त्या म्हणायच्या. "ती तिचं काम करते. ज्यानं तो नळ उघडा ठेवला, त्याच्यावर रागावलेय."

टर्बो म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो, ते चाक इंजिनात जास्त हवा कोंबतं, म्हणून एवढ्याशा इंजिनाला एवढा जोर येतो. पण त्या धुरानं टर्बोचं कवच निखाऱ्यासारखं होतं. आणि रुग्णवाहिकेच्या आखूड बॉनेटखाली त्याच्या शेजारी वायरी असतात, ब्रेकच्या तेलाच्या नळ्या असतात, पलीकडे चालकाचे पाय असतात.

"तुमच्या भाषेत सांगते, सिस्टर," त्या म्हणाल्या. "तीन उपचार आहेत. लेप, पट्टी आणि आडोसा. लेप म्हणजे धातूवर चिनी मातीसारखा थर भाजून चढवतात, म्हणजे आतली आग आतच राहते. पट्टी म्हणजे न जळणाऱ्या धाग्याची, ती धुराच्या नळावर गुंडाळायची. आणि आडोसा म्हणजे हा पत्रा." त्यांनी हातातला वाकडातिकडा, पातळ पत्रा मला दाखवला. "दिसायला भंगार. पण टर्बो आणि वायरी यांच्यामध्ये हा उभा असतो, मध्ये थोडी हवा सोडून. या तिघांत सगळ्यात मोठा हा, आणि सगळ्यात आधी फेकतात तोही हाच."

"का फेकतात?"

एवढं विचारणं म्हणजे फटाक्याच्या वातीला काडी लावणं होतं. त्या अर्धा तास बोलत राहिल्या. पत्र्याचे बोल्ट उष्णतेनं गंजतात. गॅरेजवाल्याला ते सोडवायचा कंटाळा येतो, तो तोडतो. परत बसवताना बोल्ट नाही म्हणून तारेनं बांधतो. तार सुटते, पत्रा खडखडतो. मालक म्हणतो आवाज येतो. मग पत्रा काढून कोपऱ्यात टाकतात आणि सगळे खूश. "घरात म्हातारं माणूस खोकतं म्हणून त्याला बाहेर काढतात ना, तसं!"

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या, याचा अनुभव मला नाशिकच्या द्वारका चौकात आला. त्या वेळी रुग्णालयात नवे व्यवस्थापक आले होते, कदमसाहेब. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, आणि प्रत्येक गोष्ट 'बाहेरून करून घेऊ' हा मंत्र. त्यांनी एक गाडी बाईंना न विचारता द्वारकेच्या एका मोठ्या गॅरेजात सर्व्हिसिंगला पाठवली. मला त्या बाजूला औषधं आणायची होती, बाई गाडी घ्यायला निघाल्या होत्या, म्हणून आम्ही बरोबर गेलो. गॅरेज चकचकीत होतं. बाहेर पोऱ्यांनी चहा पीत बसायला जागा केली होती, आणि चहाचे ग्लास ज्या तबकात ठेवले होते ते तबक बाईंनी लांबूनच ओळखलं. आमच्या गाडीचा आडोसा.

त्यांनी ग्लास एकेक करून खाली ठेवले, पत्रा उचलला, पदरानं पुसला आणि मालकासमोर धरला.

"मॅडम, तो खडखडत होता," मालक हसत म्हणाला. "काढून टाकला. आता येतोय का आवाज?"

"मेल्यावर माणूसही विव्हळत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून त्याला बरं झाला म्हणता का?"

तो पत्रा त्यांनी तिथेच उभं राहून, नव्या बोल्टांनी, स्वतःच्या हातानं बसवला. मालक आणि त्याची माणसं बघत राहिली. निघताना कुणीतरी हळूच "लय तापट बाई हाय" म्हणालं. बाईंनी ऐकलं. "तापायलाच पाहिजे," त्या वळून म्हणाल्या. "तुम्ही सगळे थंड आहात म्हणून गाड्या तापतात."

मला आजही राग येतो तो यापुढच्या गोष्टीचा.

रुग्णालयाच्या वर्धापनदिनाला विश्वस्त आणि पाहुणे येणार होते. कदमसाहेबांनी सगळ्यांत जुनी रुग्णवाहिका रंगवून घेतली, नवे दिवे बसवले आणि त्याच द्वारकेच्या गॅरेजातून इंजिनही 'सजवून' आणलं. बॉनेट उघडलं तर आत सोनेरी पट्टी झळाळत होती. टर्बोपासून धुराच्या नळापर्यंत सगळं गुंडाळलेलं. पाहुण्यांनी कौतुक केलं, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर बाई पुढे झाल्या, वाकल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला जणू एखाद्या न धुतलेल्या जखमेवर कुणी रेशमी फडका बांधलाय.

"आडोसा कुठंय?"

"पट्टीमुळे तो बसत नव्हता," कदमसाहेब म्हणाले. "आणि पट्टी आहे म्हटल्यावर पत्र्याची गरजच काय?"

"आणि ही तेलाची नळी? ही झिरपतेय. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं झिरपतेय म्हणून."

"तेवढं चालतं हो."

"नुसती असती तर कदाचित चाललं असतं. खाली ठिबकलं असतं, दिसलं असतं. आता ते तेल ही पट्टी पिणार." बाईंनी बोट लावून दाखवलं, सोनेरी रंगाखाली एक काळसर ओल आधीच चढत होती. "साहेब, ही पट्टी राहिलेली नाही. ही दिव्याची वात झालीय. तेल पाजताय तिला, खाली निखारा ठेवलाय, आणि मागे ऑक्सिजनची टाकी बांधलीय. ही गाडी रस्त्यावर जाणार नाही."

असं म्हणून त्यांनी किल्ली काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. सगळा कर्मचारीवर्ग बघत होता. कदमसाहेबांचं गोड बोलणं तिथं संपलं.

"गांगुर्डेबाई, किल्ली द्या. एकलहऱ्याला पाइपांना कापूस गुंडाळणं वेगळं आणि आजचं तंत्र वेगळं."

"वाफेला आणि धुराला माणसाचं पद कळत नाही, साहेब. दोन्ही सारखीच भाजतात."

किल्ली त्यांना शेवटी द्यावी लागली, सुरक्षारक्षकासमोर. दुसऱ्या दिवशी त्यांची बदली झाली. कुठे? धुलाई विभागात. रुग्णालयाच्या चादरी जिथे उकळतात तिथल्या बॉयलरवर देखरेख करायला. कदमसाहेब म्हणे हसत म्हणाले, बाईंना उष्णतेची आवड आहेच. हा विनोद रुग्णालयात आठवडाभर फिरला. आणि हसणाऱ्यांत मोठमोठे डॉक्टर होते, ज्यांना तापलेल्या रुग्णाला नुसतं पांघरूण घालणाऱ्या नर्सचा संताप येतो! मी एकदोघांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "सिस्टर, तो आपला विषय नाही."

मार्चमधली दुपार होती. पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडणाऱ्या बाईला दम्याचा जोराचा झटका आला. आम्ही तिला आणायला गेलो. तीच गाडी, चालक भामरे, मी मागे, बरोबर रुग्णाची बहीण. भामरे सटाण्याकडचा. शांत माणूस. कामावर आमच्यासारखं बोलायचा, मन भरून आलं की अहिराणीत शिरायचा. त्याला कसलं म्हणून व्यसन नव्हतं. चहासुद्धा नको म्हणायचा.

परत येताना महामार्गावर त्याचा आवाज आला, "सिस्टर, काहीतरी करपल्यासारखा वास येतोय." मी हो म्हणेपर्यंत समोरच्या काचेखालून धूर निघाला. त्यानं गाडी ताबडतोब कडेला घेतली. ब्रेक नीट लागत नव्हता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं की गाडी दगडाला घासून थांबली. मी रुग्णाचा मास्क काढला, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. भामरेनं मागचं दार उघडलं. आम्ही तिघांनी मिळून स्ट्रेचर उतरवलं. मागून कांद्याची पिकअप येत होती, तिचा चालक न सांगता थांबला. रुग्णाला आम्ही कांद्याच्या गोण्यांवर टेकवून बसवलं, मी माझ्या जवळचा पंप तिच्या तोंडात दिला.

तोवर पुढचा भाग पेटला होता. लोक जमले होते, अगदी जवळ, फोन काढून. भामरे ओरडत होता, मागे व्हा, आत टाकी आहे. कुणी हलेना. टाकी चालकाच्या मागच्या बाजूला पट्ट्यानं बांधलेली होती आणि मधला पडदा वितळायला लागला होता. भामरे परत आत शिरला. पट्ट्याचं धातूचं बक्कल तापलेलं होतं. त्यानं ते नुसत्या हातांनी सोडवलं, टाकी छातीशी धरली आणि शेतात नेऊन ठेवली. मग हात पुढे करून तो माझ्याकडे आला, लहान मूल येतं तसा. त्याच्या तळव्यांची कातडी बक्कलाला राहिली होती.

पिकअपवाल्यानं आम्हाला सगळ्यांना रुग्णालयात आणलं. ती बाई वाचली. तिथं कुणी मेलं नाही, हे मी स्वतःला अजून सांगत असते.

संध्याकाळी मी भामरेच्या हातांना पट्ट्या बांधत होते. धुलाईतून बाई आल्या, ॲप्रन ओला, केस वाफेनं चिकटलेले. भामरेच्या उशाशी बसून राहिल्या. आणि त्याच वेळी व्हरांड्यातून कदमसाहेबांचा आवाज आला. ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, "प्राथमिक अंदाज असा की चालक गाडीत विडी ओढत असावा. हो, हो, चालकाचा हलगर्जीपणा. असं छापायला हरकत नाही."

भामरेनं ऐकलं. "ताई," तो म्हणाला, "मी बिडी कधी हातमा लिधी नही." आयुष्यात विडी हातात धरली नाही म्हणणाऱ्या त्या माणसाचे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते, पांढऱ्या कापडात गुंडाळलेले.

मी उठून बाहेर गेले. कदमसाहेबांना म्हटलं, मी गाडीत होते, असं काहीही नव्हतं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मागे होतात. पुढचं तुम्हाला काय दिसणार?" दुसऱ्या दिवशी विडीची बातमी छापून आली. सटाण्याच्या बाजूला त्याच्या गावातही ती पोचली.

जळलेली गाडी रुग्णालयाच्या मागच्या अंगणात आणून टाकली होती. बाईंनी विश्वस्तांना निरोपावर निरोप पाठवले. शेवटी दोघे आले. एक निवृत्त डॉक्टर आणि एक व्यापारी. कदमसाहेब होतेच. मी साक्षीला उभी राहिले. बाईंनी बॉनेटचा सांगाडा उचलला आणि कुठलंही भाषण न करता एकेक गोष्ट दाखवली. तेलाची नळी. तिच्या खाली डांबरासारखा चिकटलेला पट्टीचा कोळसा. ज्या बाजूला तेल ठिबकत होतं त्या बाजूनं आग वर चढल्याची खूण. जळून गेलेल्या वायरी, ब्रेकची फुटलेली नळी. आणि आडोशाच्या बोल्टांची रिकामी भोकं.

"इथं पत्रा असता," त्या म्हणाल्या, "तर वायरींना आणि ब्रेकला वेळ मिळाला असता. पट्टी नसती तर तेल पेटायला वात मिळाली नसती. आणि नळी बदलली असती तर यातलं काहीच झालं नसतं. चालक बसतो ती जागा बघा. तिथं आग शेवटी आलीय. विडी काय बॉनेटमध्ये बसून ओढत होता तो?"

डॉक्टर विश्वस्त बराच वेळ वाकून बघत होते. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते सरळ झाले, हात झटकले आणि म्हणाले, "ठीक आहे, बाई. लक्षात आलं. तुम्ही उद्यापासून परत गॅरेजात या. बाहेरची सर्व्हिसिंग बंद. पण हा विषय आता इथंच थांबवू. संस्थेचं नाव आहे."

"आणि भामरे?"

"त्याला गेटवर ठेवू. काढणार नाही."

"ते नाही विचारलं. तो विडी ओढत नव्हता, हे कोण सांगणार?"

"बघू," व्यापारी विश्वस्त म्हणाले. कदमसाहेब आकाशाकडे बघत होते.

मला वाटलं, आता बाई यांना फाडून खाणार. बाई म्हणाल्या, "बरं. उद्या सकाळी येते."

मी त्यांच्यावर इतकी चिडले की पुढे चालायला लागले. त्या मागून आल्या. "बाई, तुम्ही बरं म्हणालात!" मी म्हटलं. "त्यांच्याकडून माफी घ्यायची होती. तुमची आणि त्याची. एवढा राग राग करता, तो नेमका आज कुठं गेला?"

"अलका," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला सिस्टर म्हटलं नाही. "त्या दोन गाड्या कुठंयत आत्ता?"

मला कळेना.

"एक सिन्नरला गेलीय, एक पोर्चमध्ये उभी आहे. दोन्हींचं इंजिन त्याच गॅरेजात सजवून आणलंय, गेल्या महिन्यात. मी आज भांडून घरी गेले असते तर उद्या त्यांना हात कोण लावणार? राग जाऊ दिला नाही मी. पण आधी पट्ट्या काढते."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही गाड्यांच्या पट्ट्या अंगणात पडल्या होत्या. एक कोरडी होती. दुसरी बाईंनी माझ्या हातात दिली. पिळली असती तर तेल गळलं असतं. त्यांनी झिरपणारी नळी बदलली, धुराचे नळ अंबडच्या एका कारखान्यात नेऊन लेप चढवून आणले, आणि नवे आडोसे स्वतः पत्रा कापून, हवेला वाट ठेवून बसवले. त्या दिवसापासून आमच्या कुठल्याच गाडीच्या बॉनेटखालून धूर निघाला नाही. पण त्याची बातमी कोण छापणार? न पेटलेल्या गाडीचा फोटो निघत नाही.

भामरे गेटवर बसू लागला. हात बरे झाले, पण मूठ पुरती मिटत नव्हती. गाडी चालवणं संपलं. त्याहून वाईट म्हणजे त्यानं गावी जाणं सोडलं. तिथं म्हातारी आई होती. पाणी भरायला गेली की बायका विचारायच्या, तुझ्या लेकानं विडीपायी बाई जाळली असती ना गं? ती घरी येऊन रडायची आणि त्याला फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारायची, "खरं सांग, ओढत होतास का?" तो मला हे सांगायचा तेव्हा नेहमी दुसरीकडे बघत सांगायचा. स्वतःच्या आईला आपण निर्दोष आहोत हे पटवावं लागणं, याहून मोठी शिक्षा मी रुग्णालयात इतकी वर्षं काढूनही पाहिलेली नाही. आणि ती देणारा माणूस रोज सकाळी त्याच गेटातून आत यायचा, आणि भामरे उठून त्याला नमस्कार करायचा.

बाईंनी मात्र त्या 'बघू'चा पिच्छा सोडला नाही. दर महिन्याला विभागप्रमुखांची बैठक व्हायची. सगळे विषय संपले, कदमसाहेब 'आणखी काही?' म्हणाले, की बाई हात वर करत.

"भामरेचं काय झालं?"

"तो विषय संपला, बाई."

"तुमचा संपला."

वर्षानुवर्षं हेच. सुरुवातीला लोक गप्प व्हायचे, पुढे हसायचे, नंतर कंटाळायचे. काही जण बाईंच्या आधीच तो प्रश्न नकलेनं म्हणून दाखवायचे. बाईंचा आवाज कधी खाली आला नाही, कधी वरही गेला नाही. मी एकदा विचारलं, याचा काय उपयोग? त्या म्हणाल्या, "त्यांना विसरायला वेळ मिळू नये, एवढाच."

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ सभागृहात होता. शाल, श्रीफळ, मागे पडद्यावर त्यांचा जुना फोटो, दाराशी जेवणाची पातेली. त्यांचा मुलगा आणि सून आली होती. सगळ्यांत मागच्या रांगेत भामरे बसला होता. कदमसाहेबांनी भाषण केलं. "गांगुर्डेबाई म्हणजे आमच्या वाहन विभागाचं कवच," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. माझ्या अंगाची आग आग झाली. ज्यानं त्यांना चादरी उकळायला पाठवलं, त्याच्या तोंडी हे! मग ते शाल उलगडून पुढे आले.

बाईंनी हात पुढे करून शाल अडवली.

"थांबा, साहेब. शाल घेते. आधी एक सांगायचं राहिलंय, ते सांगा. भामरेचं काय झालं?"

सभागृहात कुणीतरी सवयीनं हसलं, आणि एकट्यालाच हसू आलंय हे कळून गप्प झालं. कदमसाहेबही हसले. "बाई, आज तरी..."

"आजच. उद्यापासून मी बैठकीला नसणार."

ते विश्वस्तांकडे बघू लागले. पहिल्या रांगेत ते डॉक्टर विश्वस्त बसले होते, आता बरेच थकलेले. त्यांनी मान खाली घातली होती. मग न बघताच ते म्हणाले, "सांगून टाका, कदम. खरं आहे ते."

कदमसाहेब हळू आवाजात काहीतरी पुटपुटले.

"माइकवर," बाई म्हणाल्या.

ते माइककडे वळले. त्यांच्या हातातली शाल जमिनीला लागत होती. "त्या अपघातात... चालकाची चूक नव्हती. विडीची गोष्ट खरी नव्हती. गाडीत दोष होता आणि तो आम्हाला आधी सांगितला गेला होता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. भामरे उभा राहिला होता. त्याच्या न मिटणाऱ्या हातात फोन होता, आणि तो चालू होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच बाईंनी त्याला सांगून ठेवलं होतं, आईला फोन लावून ठेव, बंद करू नकोस. त्यानं तो कानाला लावला, ऐकलं, आणि तिथूनच, सगळ्यांदेखत, त्याच्या बोलीत म्हणाला, "ताई, माय म्हणे, नीट ऐकू नही उनं."

बाई कदमसाहेबांकडे वळल्या.

"पुन्हा एकदा सांगा, साहेब. म्हातारीला कमी ऐकू येतं. आणि या वेळी त्याचं नाव घेऊन."

कदमसाहेबांनी घसा साफ केला, माइक तोंडाजवळ ओढला आणि पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं.